पालथं लेकरू

माझी मुलगी वाजते हे पहिल्यांदा माझ्या वडिलांच्या लक्षात आलं. ती तेव्हा अकरा दिवसांची होती. देऊळघाटला माझ्या माहेरी ते तिला मांडीवर घेऊन ओसरीत बसले होते आणि मी आत डिंकाचा लाडू खात होते.

"इकडे ये वं," त्यांनी हाक मारली. "हे लेकरू वाजून राह्यलं."

मी बाहेर येऊन कान दिला. ती गाढ झोपली होती, पण श्वास आत घेताना तिच्या गळ्यातून एक बारीक, ताणलेला आवाज येत होता. फुग्याचं तोंड दोन बोटांनी ताणून हवा सोडली की येतो तसा. श्वास बाहेर सोडताना काही नाही. पुन्हा आत घेतला की पुन्हा तोच.

मी एसटीत कंडक्टर आहे. आवाजांची मला सवय आहे. खिडकीची काच वाजते ती वेगळी, सीटखालचा पत्रा वाजतो तो वेगळा, आणि पुढच्या दाराची कडी सैल झाली तर मी मागच्या सीटजवळून सांगू शकते. हा आवाज मात्र माझ्या ओळखीचा नव्हता.

"सर्दी असन," माय म्हणाली, आणि तिने तव्यावर ओवा गरम करायला घेतला.

दुसऱ्या दिवशी बारसं होतं. अंगण बायकांनी भरलेलं, पाळण्याला फुलं बांधलेली. माझ्या नणंदेने, म्हणजे बाळाच्या आत्याने, तिला पाळण्यात उताणं ठेवलं. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि पहिल्याच कडव्याला माझ्या मुलीने त्यांच्या वरताण सूर लावला. बायका एकेक करून गप्प झाल्या. शेवटी ती एकटीच वाजत राहिली. तिच्या गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता.

वडील पुढे आले. त्यांनी तिला उचलून पालथं केलं आणि आपल्या हातावर, कोपरापासून पंजापर्यंत, आडवं टाकलं. चारी हातपाय खाली लोंबत होते. आवाज थांबला. पुन्हा उताणी केली, सुरू झाला. पालथी केली, थांबला. हे त्यांनी जमलेल्या बायकांना तीन-चार वेळा करून दाखवलं.

मग प्रश्न पडला की बारसं करायचं कसं. पालथ्या लेकराचं नाव ठेवता येतं का, यावर अंगणात बराच वेळ चर्चा झाली. आत्याचं म्हणणं, नाव तोंडासमोर सांगावं लागतं, पाठीमागून सांगितलेलं धरत नाहीत. कोणी म्हणालं, पुन्हा चांगला दिवस पाहू. जमलेल्यांत जी सगळ्यांत म्हातारी होती तिने निकाल दिला.

"कान समोरून पाह्यला काय अन् मांगून पाह्यला काय, कानच असते. सांगा नाव, मले घरी जायचं हाय."

अशा रीतीने माझ्या मुलीला पालथं झोपवून तिचं नाव तिच्या कानात सांगण्यात आलं. त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंमध्ये आम्ही समोर बघून हसतोय आणि तिचं डोकं मागून दिसतंय.

त्यानंतर लोक ऐकायला यायला लागले. बाळाला बघायला येतात तसेच, पण हे बसायचे आणि म्हणायचे, "करा बरं उताणी." एक शेजारीण म्हणाली, मोर असाच बोलतो. दुसरी म्हणाली, मोठेपणी गाणारी होईल. माझ्या एका चुलतभावाने आवाज मोबाइलवर घेऊन नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. त्यावर टाळ्या वाजवणारे हात आले, दिवे आले, आणि एका दूरच्या काकांनी विचारलं, "नवी मोटरसायकल घेतली काय? चेन घासून राह्यली."

मला हसू यायचं, नाही असं नाही. पण मी तिला पाजत होते, आणि पाजताना हसण्यासारखं काही नव्हतं. ती चार घोट घ्यायची, सोडून द्यायची, मान मागे टाकून हवा ओढायची. मग पुन्हा दोन घोट. मग ठसका. दूध नाकातून यायचं. अर्धा-पाऊण तास असं झगडून ती दमून झोपायची, आणि पोट रिकामंच असल्याने वीस मिनिटांत उठायची. माझा पदर दुधाने भिजलेला असायचा आणि ती भुकेली असायची.

पालथं केलं की श्वास सुटतो, तर पाजायचंही पालथंच, असं मी ठरवलं. त्यासाठी मला जमिनीवर उताणं पडावं लागे आणि माय तिला माझ्या अंगावर पालथी ठेवी. त्यात ती जरा जास्त प्यायची. दिवसाचे कितीतरी तास मी अशी छताकडे बघत पडलेली असायचे. दार लोटलेलं आणि दाराबाहेर माय बसलेली. कोणी आलं की मला ऐकू यायचं.

"पोरगी कुठं गेली?"

"आत हाय," माय सांगायची. "लेकराखाली हाय."

उरलेला वेळ ती वडिलांच्या हातावर असायची. धुतलेला टॉवेल खांद्यावरून आणावा तशी तिला हातावर टाकून ते गावात फिरायचे. दुकानात, पारावर, दूध घालायला. काही दिवसांनी त्यांना इतकी सवय झाली की ती माझ्याजवळ असली तरी त्यांचा डावा हात कोपरात वाकलेलाच राहायचा. एकदा रिकामा हात तसा वाकवून ते बसथांब्यावर उभे होते, तेव्हा एका ओळखीच्या माणसाने त्यांना फ्रॅक्चर कधी झालं म्हणून विचारलं.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिला बुलडाण्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. शांत, वयस्क डॉक्टर होते. त्यांनी तिला उताणी-पालथी करून नीट तपासलं.

"काही बाळांच्या स्वरयंत्राचा वरचा भाग कोवळा असतो," ते म्हणाले. "श्वास आत घेताना तो आत ओढला जातो, म्हणून आवाज येतो. बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबतं. मात्र वजनाकडे लक्ष ठेवा. वजन वाढत नसेल, किंवा ती निळी पडली, तर थांबू नका. लगेच या. आणि पालथी झोपवाल तेव्हा कोणीतरी जागं, जवळ बसलेलं पाहिजे."

आता लिहिताना मला त्यांचं सगळं बोलणं आठवतं. त्या दिवशी मात्र आम्ही घरी घेऊन आलो तो एकच शब्द, 'आपोआप'. माय तो शब्द येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. वडील दुकानात सांगायचे. मी स्वतःला सांगायचे. आपोआप व्हायचं असेल तर आपण मध्ये पडायचं काऊन, असा सगळ्यांचा सूर होता.

महिना झाल्यावर अंगणवाडीच्या ताई काटा घेऊन आल्या. छताच्या हुकाला काटा टांगला, त्याला झोळी अडकवली, झोळीत पालथी मुलगी. काटा जिथे थांबला तिथे ताईंनी दोनदा पाहिलं. त्यांनी वही काढली, मागचा आकडा पाहिला.

"पालथं मोजलं तं वजन कमी भरत असन," माय म्हणाली. तिने हे अगदी मनापासून म्हटलं होतं.

ताईंनी तिचा मान ठेवला. मुलीला उताणी करून पुन्हा मोजलं. आकडा तोच आला, फक्त या वेळी आवाजासकट.

"डॉक्टरले दाखवा पुन्हा," ताई म्हणाल्या. मी हो म्हटलं. पण आठ दिवसांनी मला सासरी जायचं होतं. तिथं गेल्यावर दाखवू, असं ठरलं.

माझं सासर लोणारचं. घरची पिठाची चक्की आहे. पुढे चक्की, मागे घर, मध्ये एकच भिंत. सकाळी लाईन आली की चक्की सुरू होते ती दुपारी जेवायला थोडा वेळ थांबते आणि संध्याकाळपर्यंत चालते. त्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात. लग्न होऊन आले तेव्हा पहिले पंधरा दिवस मला वाटायचं की नवरा आणि सासूबाई सारखे भांडतात. ते चहात साखर किती हे विचारत असत.

सासूबाईंनी नातीला हातात घेतलं, दृष्ट काढली आणि आत नेऊन गादीवर उताणी ठेवली. मी धावले. त्यांनी हाताने थांबवलं. वाकून कान दिला. भिंतीपलीकडे चक्कीवर कोणाचा तरी गहू पडत होता, सगळं घर थरथरत होतं.

"कुठं वाजते?" त्या ओरडल्या. "चांगली तं हाय."

"आई, वाजते. चक्कीमुळं ऐकू नाही येत."

"काय?"

"चक्कीमुळं."

"हाव," त्या म्हणाल्या. "आपल्या घरी आली अन् चांगली झाली. इथलं पाणी लागलं तिले." आणि त्यांनी तिथूनच देऊळघाटला फोन लावून माझ्या मायला ओरडून ही बातमी दिली. माय तिकडे रडली म्हणे.

मी त्यांचा हात धरून मुलीच्या छातीवर ठेवला. बरगड्या आत जात होत्या, गळ्याखालचा खड्डा पडत होता. त्यांनी हात काढून घेतला. "लहान लेकरू श्वास घेते तं छाती हालनच," त्या म्हणाल्या. "तू चांगल्या लेकरात खोट काढून राह्यली."

संध्याकाळी चक्की बंद झाली की आवाज ऐकू यायचा. त्यालाही त्यांच्याकडे उत्तर होतं. दिवसभर चांगली असते, संध्याकाळी थकते, म्हणून वाजते. नवऱ्यालाही ते पटलं. तो दिवसभर चक्कीवर असायचा आणि घरात यायचा तेव्हा त्याच्या कानांत दोन तास तरी चक्कीच चालू असायची. चार दिवस असेच गेले. त्या चार दिवसांत मी एकटीच होते जिला ती सकाळीसुद्धा वाजताना ऐकू यायची, आणि मी ते ऐकत होते हाताने.

पाचव्या दिवशी भर दुपारी लाईन गेली. चक्की घरघरत थांबली. पुढे सात-आठ बायका दळणाचे डबे घेऊन उभ्या होत्या. मी मोरीत अंघोळ करत होते. सासूबाई नातीला उताणी ठेवून पदराने वारा घालत होत्या.

पुढे एक बाई म्हणाली, "चक्की तं बंद झाली. मंग पट्टा काऊन वाजून राह्यला?"

नवऱ्याने पट्ट्याला हात लावून पाहिला. पट्टा थांबलेला होता. त्याने मोटर पाहिली. खाली वाकून दुसऱ्या बाजूने पाहिलं. बायकांनीही वाकून पाहिलं. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की आवाज भिंतीमागून येतोय.

तो आत आला तेव्हा मीही केस ओले घेऊन बाहेर आले होते. मुलगी उताणी होती, आवाज करत होती, आणि आवाज मध्येच तुटत होता. तुटला की काहीच नसायचं. तिच्या ओठांभोवतीची जागा जांभळट झाली होती. सासूबाई वारा घालायचं विसरून तिच्याकडे बघत होत्या. मी पोचायच्या आत त्यांनीच तिला उचललं आणि पालथं केलं. एक लांब श्वास आत गेला, रंग परत आला.

कोणी ओरडलं नाही. पिठाने पांढरा झालेला माझा नवरा दारात उभा होता.

"हे थकल्याचं नाई," सासूबाई म्हणाल्या. चक्की बंद असल्याने त्यांचा आवाज मला ओळखू येईना इतका हळू होता.

नवऱ्याने तिथूनच बुलडाण्याच्या डॉक्टरांना फोन केला. निळी पडली म्हणताच ते म्हणाले, आता एक तासही घालवू नका, छत्रपती संभाजीनगरला जा. लहान बाळाच्या नाकातून दुर्बीण घालून गळा बघणाऱ्या एका डॉक्टरांचा पत्ता त्यांनी दिला, त्यांना स्वतः फोन करतो म्हणाले, आणि रस्ताभर मुलीला पालथीच ठेवा असं बजावलं. शेजाऱ्याची जीप ठरली. ती डिझेल भरून येईपर्यंत मी रजा वाढवण्याचा अर्ज लिहिला. आमचा डेपो वाटेतच होता.

अर्ज देण्यापुरतं पाच मिनिटं थांबायचं ठरलं होतं. पण जीप डेपोच्या दारात थांबली तेव्हा आमचे हेड मेकॅनिक समोरच हात पुसत उभे होते. साठीला आलेले, निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणतो. नवरा अर्ज घेऊन ऑफिसात गेला आणि काका जीपजवळ आले.

"आवाज कुठून येऊन राह्यला?" त्यांनी विचारलं. त्यांची नजर जीपच्या बोनेटवर होती.

"जीपचा नाही, काका. लेकराचा. आता पालथी असली तरी थोडी वाजते."

त्यांनी मागे वळून हात वर केला. बाजूला एक गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती, ती बंद झाली. पलीकडची दुसरीही बंद झाली. डेपोत मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. काकांनी कान जवळ आणला, पण मुलीला हात लावला नाही, कारण हात काळे होते.

"आत घेताना वाजते," ते म्हणाले. "सोडताना नाई."

"हो."

"पालथी कमी, उताणी जास्त?"

"हो."

"पेतानी दम लागते?"

"चार घोटांनंतर."

"पयल्या दिवसापासून एवढाच, का वाढत चालला?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी विचार केला. अकराव्या दिवशी तो बारीक होता. आता तो भिंतीपलीकडे जात होता. "वाढत चालला," मी म्हणाले.

काकांनी मान हलवली. खिशातून त्यांनी गाडीतल्या बिघाडाची नोंद करायचा छापील कागद काढला, तो त्यांच्या खिशात नेहमीच असतो, आणि जीपच्या बोनेटवर ठेवून लिहायला लागले. मला वाटतं, लिहून काढल्याशिवाय त्यांना विचार करता येत नाही. लिहून झाल्यावर घडी घालून त्यांनी तो कागद बाळाच्या फाईलमध्ये सरकवला.

"वर कायतरी अडकेल हाय. उघडून पाहा म्हणा," ते म्हणाले. आणि मग जरा थांबून, "चांगली होते."

जालन्यापर्यंत मी एकदाही बाहेर पाहिलं नाही. मुलगी माझ्या हातावर पालथी होती आणि सासूबाई तिच्या पाठीवर पंजा ठेवून श्वास मोजत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "तू सांगत होती." त्यांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली.

संभाजीनगरच्या डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी फाईल उघडली. बुलडाण्याच्या तपासणीचे कागद पाहिले, वजनाचे आकडे पाहिले, आणि मग काकांचा कागद त्यांच्या हातात आला. मी तोवर तो वाचलेला नव्हता. त्यांनी मोठ्याने वाचला.

"हवा आत घेताना आवाज. पुढे झुकविल्यास कमी. लोड घेताना दम तुटतो. दोष वाढत आहे. वरच्या बाजूस अडथळा असण्याची शक्यता. उघडून बघणे." त्यांनी कागद उलटसुलट केला. "हे कोणत्या डॉक्टरांनी लिहिलंय?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "आमच्या डेपोतल्या मिस्त्रींनी."

डॉक्टरबाईंनी कागदाच्या वरच्या भागाकडे पाहिलं. वाहन क्रमांकाच्या पुढे काकांनी 'नवीन' असं लिहिलं होतं, आणि चालकाच्या नावापुढे 'आई'.

त्या हसल्या नाहीत. कागद त्यांनी फाईलमध्ये परत ठेवला आणि म्हणाल्या, "उघडून बघू."

नाकातून आत गेलेली दुर्बीण शेवईएवढी बारीक होती. नर्सने मुलीला धरलं, मी तिचे पाय धरले, आणि समोरच्या पडद्यावर तिचा गळा दिसायला लागला. गुलाबी, ओला, थरथरणारा. मग जिभेच्या अगदी मुळाशी एक गोल, चकचकीत, पिवळसर गोळा आला. त्याने जवळजवळ सगळी वाट अडवली होती. बाजूला एक फट उरली होती आणि माझी मुलगी दीड महिना त्या फटीतून जगत होती.

"द्राक्ष हाय," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "कोनं चारलं तिले?"

"आजी, हे कोणी चारलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जिभेच्या मुळाशी बारीक ग्रंथी असतात. त्यातून चिकट पाणी येतं. एखादीचं तोंड बंद झालं की पाणी आतच साठतं आणि असा फुगा होतो. जन्मतःच सुरू झालेला असतो. फार कमी बाळांना होतो. उताणी झोपली की तो मागे पडतो आणि श्वासनळीवरच्या झाकणाला दाबतो. पालथी केली की पुढे येतो, वाट थोडी मोकळी होते."

"मंग मिस्त्री बराबर बोलला," नवरा म्हणाला.

"आवाज कोवळ्या स्वरयंत्राचाही असाच येतो, तोही पालथं केल्यावर कमी होतो. त्यावरून काही ठरत नाही. पण आवाज वाढतोय आणि वजन वाढत नाही, हे महत्त्वाचं. ते त्यांनी बरोबर विचारलं."

सासूबाई पडद्याकडे बघत होत्या. "फोडा मंग त्याले," त्या म्हणाल्या.

फोडायचाच होता, पण ते त्या म्हणाल्या तितकं सोपं नव्हतं. भूल देताना श्वासाची नळी जिथून घालायची तीच वाट फुग्याने अडवलेली होती. भूल देणारे डॉक्टर येऊन हे आम्हाला नीट समजावून गेले. काय काय होऊ शकतं तेही त्यांनी लपवलं नाही. मी सही केली. माझी सही मला शाळेतल्या मुलीसारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. नवऱ्याच्या कानांत अजून पीठ होतं. देऊळघाटहून वडील आले होते आणि डावा हात वाकवून उभे होते. मध्येच माझा फोन वाजला. डेपोतून होता.

"गाडी बाहेर आली का?" मिस्त्रीकाकांनी विचारलं.

"नाही अजून, काका."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पलीकडे पाना फरशीवर पडल्याचे आवाज येत होते. ते ऐकत मी बराच वेळ बसले.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आधी मान हलवली आणि मग सांगितलं. दुर्बिणीतूनच फुग्याचं छत काढून टाकलं होतं, म्हणजे पाणी पुन्हा साठणार नाही. सूज उतरेपर्यंत नळी एक दिवस गळ्यात राहणार होती.

"दाखवा बरं," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"गाठ."

"आजी, आत पाणीच होतं. वरची कातडी तपासायला पाठवली."

सासूबाईंचा विश्वास बसला नाही. एवढा घोर ज्याने लावला, त्याचं दाखवायला काहीच नाही, हे त्यांना पटेना. लोणारला जाऊन त्या सांगणार काय होत्या?

दुसऱ्या दिवशी नळी काढली आणि संध्याकाळच्या आत मुलीला आमच्याजवळ आणलं. नर्सने तिला पलंगावर ठेवलं. उताणी. आम्ही चौघंही पुढे वाकलो आणि ऐकायला लागलो. काही नाही. तिची छाती वरखाली होत होती, पण आवाज नव्हता. मी नाकाखाली बोट धरलं. श्वास येत होता. वडिलांनी धरलं. नवऱ्याने धरलं.

सासूबाई मागे सरकल्या. "हे आपलं लेकरू नाई," त्या म्हणाल्या.

नर्सने मुलीच्या मनगटावरची पट्टी दाखवली. त्यावर माझं नाव होतं.

"पट्टी तं कोनालेही बांधता येते," सासूबाई म्हणाल्या. "आपलं वाजत होतं."

"आजी, तेच तर बंद केलं," नर्स म्हणाली.

"थोबाडही असं नव्हतं."

मी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि खरं सांगते, क्षणभर मलाही खात्री वाटेना. सुजलेलं, शांत, छताकडे तोंड केलेलं. असं मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. दीड महिना आम्ही सगळ्यांनी तिची पाठ पाहिली होती.

"पालथी करा," वडील म्हणाले.

नर्सने तिला अलगद पालथं केलं. डोक्याच्या मागे उजवीकडे आम्ही रोज पाहायचो तो केसांचा भोवरा होता, त्याखाली मानेवर चिंचोक्याएवढा लाल डाग. सासूबाई वाकल्या, डाग अंगठ्याने चोळून पाहिला.

"हाव," त्या म्हणाल्या. "आपलंच हाय." आणि पलंगाच्या कडेवर बसून त्या रडल्या, पदर तोंडात धरून, आवाज न करता.

नर्सने मुलीला पुन्हा उताणं केलं. वर पंखा फिरत होता. मुलीने तो पाहिला आणि तिचे हातपाय थांबले. दीड महिन्याच्या आयुष्यात तिने जमीन पाहिली होती, गादी पाहिली होती, माझ्या वडिलांच्या चपला पाहिल्या होत्या. उताणी असली की ती श्वासातच गुंतलेली असायची, म्हणून छताला काही असतं हे तिला आत्ता कळत होतं. ती इतकी टक लावून बघत होती की आम्हीही वर पाहिलं.

त्यानंतर मी तिला पाजलं. बसून, मांडीवर घेऊन, इतर बायका पाजतात तसं. चार घोटांनंतर मी सवयीने थांबले. ती थांबली नाही. पाचवा, सहावा. मी मोजत होते आणि मग मोजणं सुटलं. ती पीत राहिली आणि दूध संपलं तेव्हा तिचं तोंड उघडंच राहिलं, झोपेत. माझ्या पाठीला भिंत लागली होती, आणि मला कित्येक दिवसांत पहिल्यांदा कळलं की माझे खांदे दुखतायत.

लोणारला परतल्यावर लोक भेटायला आले. काहींची जरा निराशा झाली. "आता वाजत नाई?" असं विचारून ते चहा पिऊन गेले. सासूबाई प्रत्येकीला सांगायच्या की गळ्यात द्राक्ष होतं. मी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. पण त्या पुढे जे सांगायच्या ते बरोबर होतं. "लेकरू वाजत असन अन् वजन भरत नसन तं ऐकत बसू नका. दाखवून आना." चक्कीवर दळण घेऊन आलेल्या बायकांना हे ओरडून सांगितलं जाई, आणि त्या मान हलवत.

दोन वेळा दुर्बिणीने तपासणी झाली. गळा मोकळा होता. असा फुगा क्वचित पुन्हा भरतो म्हणून सहा महिने लक्ष ठेवायचं होतं, ते ठेवलं. वजन आधी हळू वाढलं, मग अंगणवाडीच्या ताईंना वहीत लिहिताना हसू यावं इतकं.

ती सात महिन्यांची झाल्यावर मी ड्युटीवर रुजू झाले. पहिल्या दिवशी मला चिखलीकडची फेरी होती. गाडी भरलेली, उभ्यांची गर्दी, मी तिकिटं काढत उंद्रीच्या पुढे आले असेन तेव्हा फोन वाजला. सासूबाई होत्या. त्यांच्याकडे चक्की चालू होती, माझ्याकडे गाडी. त्या काहीतरी ओरडल्या.

"काय?" मी म्हणाले.

त्या पुन्हा ओरडल्या. मला 'वाटी' एवढंच ऐकू आलं. मी फोन कानाला दाबून धरला.

"आई, काय झालं? ऐकू नाही येत."

तिसऱ्यांदा त्या इतक्या जोरात ओरडल्या की शेजारच्या सीटवरच्या, मांडीवर पालेभाजीची टोपली घेतलेल्या बाईने मान वर केली.

"मॅडम," ती म्हणाली, "जेवली म्हन्ते. वरन-भात. वाटी रिकामी केली म्हन्ते."

"कोण जेवलं?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

"मॅडमचं लेकरू," बाईने सांगितलं.

"बरं झालं," म्हातारा म्हणाला, आणि त्याने तिकिटासाठी हात पुढे केला.